मसाल्याची मांडणी : एका स्वयंपाकघराचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्याच्या पश्चिम उपनगरातील एका चौघांच्या कुटुंबाचे आहे. इमारत जेमतेम दहा वर्षांची, घर चौथ्या मजल्यावर आणि ओटा काटकोनात वळलेला. घरात ऐंशी ओलांडलेल्या आजी, स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या त्यांच्या सूनबाई, सूनबाईंचे यजमान आणि नोकरी करणारा सत्तावीस वर्षांचा मुलगा असे चौघे राहतात. मी हौशी मंडळींसाठी सुट्टीच्या दिवशी सुतारकामाचा वर्ग घेतो. हा मुलगा त्या वर्गाला येत होता, म्हणून मसाल्यांच्या बरण्यांसाठी भिंतीवर लाकडी मांडणी करण्याचे हे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळून पाहता आले. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. मापे आणि चुका मात्र होत्या तशाच ठेवल्या आहेत. त्यांतली एक चूक माझी आहे.

आजींचे माहेर रत्नागिरीकडचे आणि सूनबाईंचे कोल्हापूरचे, त्यामुळे या घरात मसाल्यांची दोन कुळे एकत्र नांदतात. रोजच्या फोडणीचा प्रश्न मिसळणाच्या डब्याने केव्हाच सोडवलेला आहे. मोहरी, जिरे, हळद, हिंग, तिखट, मेथ्या आणि धणे-जिऱ्याची पूड या सात वाट्यांवर दिवसाचा निम्मा स्वयंपाक निभावतो. अडचण होती त्यापलीकडच्या मसाल्यांची. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, चक्रीफूल, शहाजिरे, खसखस, तमालपत्र, वेलदोडे, मिरे, लवंगा, दालचिनी, सुंठ, ओवा, बडीशेप, बांगड्याच्या आमटीला लागणारी त्रिफळे असे करत करत मोजदाद झाली तेव्हा सव्वीस जिन्नस निघाले. ते सगळे रबर लावलेल्या पिशव्यांतून दोन खणांत कोंबलेले असत. शहाजिऱ्याची उघडलेली तीन पाकिटे सापडली, कारण दर वेळी ते संपले असे समजून नवे आणले गेले होते.

यावर उपाय म्हणून या आधी पाइनच्या लाकडाची एक तयार मांडणी विकत आणून ओट्यावरच्या टाइल लावलेल्या भिंतीवर बसवून घेतली होती. अकराव्या आठवड्यात ती रात्री कोसळली. काचेच्या नऊ बरण्या फुटल्या आणि हळद-तिखटात मिसळलेले काचेचे कण ओट्याच्या सांध्यांतून काढण्यात पुढचा अख्खा दिवस गेला. दुखापत कोणाला झाली नाही, पण आजींनी त्यानंतर भिंतीवर काच ठेवायची नाही असा दंडकच घातला.

अडचण कशी मांडली गेली

मुलगा माझ्याकडे आला तो निष्कर्ष घेऊनच आला. त्याचे म्हणणे असे, की आधीची मांडणी हलक्या लाकडाची होती म्हणून पडली. गावच्या जुन्या घराच्या दाराची सागवानी चौकट त्यांच्याकडे पडून आहे. तिच्यातून भक्कम मांडणी करायची, म्हणजे प्रश्न मिटला. पडलेली मांडणी त्याने वर्गात दाखवायलाही आणली होती. ती जवळजवळ धड होती. एक कोपरा टेचला होता, परंतु सांधे सुटलेले नव्हते, फळी मोडलेली नव्हती, आणि मागच्या दोन पट्ट्यांत दोन्ही स्क्रू प्लास्टिकच्या गिट्ट्यांसकट (स्क्रूला पकड मिळावी म्हणून भिंतीच्या छिद्रात बसवतात त्या नळ्यांसकट) तसेच अडकलेले होते. म्हणजे लाकडाने काहीही सोडले नव्हते; भिंतीने सोडले होते. हे त्याच वेळी बोलून दाखवायला हवे होते. सागाच्या जुन्या चौकटीचा विषय निघाल्यावर मी तिचा रंग आणि रेषा पाहण्यात रमलो आणि भिंत कशाची आहे हा एक प्रश्न विचारायचा राहून गेला. पुढच्या दीड महिन्याचे काम त्या न विचारलेल्या प्रश्नावर उभे होते.

पर्याय आणि जागेची निवड

मांडणी करायचीच का, हा पहिला निर्णय सूनबाईंचा होता. खणांतच खाचांच्या पट्ट्या बसवून बरण्या आडव्या ठेवण्याचा पर्याय स्वस्त आणि सुरक्षित होता, शिवाय अंधारात मसाल्यांचा रंग व वास अधिक टिकतो. परंतु ते दोन खण रिकामे होणे हीच त्यांची मुख्य गरज होती. ओट्यावर पायांवर उभी राहणारी मांडणी आजींना पसंत होती. त्यात सगळा भार ओट्यावर जातो आणि भिंतीला केवळ मागून धरून ठेवायचे काम उरते, म्हणून अभियांत्रिकीच्या दृष्टीने हा सर्वांत निर्धोक मार्ग होता. ओटा पुसताना दर वेळी पायांभोवती फडके फिरवावे लागेल, या एका कारणावरून सूनबाईंनी तो नाकारला. मला ते कारण पुरेसे वाटले; दिवसातून तीन वेळा ओटा त्यांनाच पुसायचा होता.

मग भिंतीवरच्या तीन जागा समोर आल्या. शेगडी आणि चिमणी यांमधील मोकळी जागा मुलाला सर्वांत सोयीची वाटत होती, कारण हात लांबवला की मसाला मिळतो. परंतु तिथे वाफ, तेलाचे तुषार आणि उष्णता या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. वाफेने पूड धरते आणि उष्णतेने वास उडतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पेटत्या शेगडीवरून हात नेऊन बरणी काढताना साडीचा पदर किंवा ओढणी ज्योतीवर येते. ही जागा पाच मिनिटांत बाद झाली. दुसरी जागा खिडकीलगतची, पश्चिमेकडची. तिथे दुपारी तीननंतर थेट ऊन येते, आणि हळद व लाल तिखट यांचा रंग उन्हात फिका पडतो हे वाळवण घालणाऱ्या कोणत्याही घराला ठाऊक असते. राहिली ती ओट्याच्या उजव्या बाजूची भिंत, जिथे चिराचिरी आणि कणीक मळणे चालते. तिच्या एका टोकाला मिक्सरचा स्विचबोर्ड होता, तर जवळच्या बर्नरपासून मांडणीची कड सुमारे ४० सेंटिमीटर दूर राहत होती. जुनी मांडणी याच भिंतीवरून पडली होती.

जागेबरोबरच सूनबाईंनी आणखी एक गोष्ट ठरवली आणि माझ्या मते पूर्ण प्रकरणातील तो सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. मांडणीत महिनाभराचाच मसाला ठेवायचा. वर्षाचे तिखट आणि कांदा-लसूण मसाला पूर्वीप्रमाणेच हिंगाचे खडे घालून चिनी मातीच्या बरण्यांत, खालच्या अंधाऱ्या कपाटात राहील. आमसुले मांडणीत येणार नाहीत, कारण त्यांच्या मिठाला पाणी सुटते आणि पत्र्याचे झाकण गंजते. यामुळे बरणीचा आकार २०० मिलिलिटरवर आला आणि मांडणी उथळ राहिली.

लाकडाची निवड

तीन पर्याय तोलले गेले. नवे पाइन रंधायला सोपे आणि स्वस्त, परंतु वाळवीला व किडीला लवकर बळी पडणारे. शिवाय पडलेल्या मांडणीच्या आठवणीमुळे घरात त्याचे नाव कोणी काढू देईना. प्लायवूड घ्यायचे तर स्वयंपाकघरासाठी आयएस (भारतीय मानक) ३०३ खालचे साधे प्लाय घेण्यापेक्षा आयएस ७१० प्रतीचे, पाण्यात टिकणारे घ्यावे लागते. ते मजबूत असते, पण साडेआठ सेंटिमीटर रुंदीच्या अरुंद फळ्या कापल्या की जिकडेतिकडे थरांच्या कडा उघड्या पडतात आणि प्रत्येक कडेला पट्टी चिकटवत बसावे लागते. जुन्या सागाला वाळवीचे भय फारसे नाही, वर्षानुवर्षे वाळलेला असल्यामुळे तो आता फारसा पिळणार नाही, आणि तो फुकट होता.

हा ‘फुकट’ शब्द मात्र तपासून घ्यावा लागला. चौकट चार बाय अडीच इंच जाडीची होती, म्हणजे तिच्या फळ्या चिरून घेणे हाताच्या करवतीचे काम नव्हते. भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधल्या एका वखारीत ती नेली, तेव्हा तिथल्या मिस्त्रींनी तिच्याकडे एकदा पाहिले आणि सांगितले, “दादा, आधी खिळे काढून आणा. एक खिळा राहिला तर माझं पातं गेलं.” मुलाने लोहचुंबक फिरवत सतरा खिळे, दोन बिजागऱ्यांचे तुटलेले स्क्रू आणि तोरणासाठी ठोकलेल्या असंख्य चुका उपटून काढल्या. त्यात दोन रविवार गेले. चिराई आणि मशिनवरचे रंधाकाम यांचे पैसे नव्या पाइनच्या फळ्यांच्या किमतीच्या जवळपास पोहोचले. तरीही लाकूड कापल्यावर आतून जो मधासारखा रंग निघाला तो पाहता घरात कोणालाच पश्चात्ताप नव्हता, आणि आजी तर त्या चौकटीला किती लेकी-सुनांनी हात लावलेला आहे याचा हिशेब सांगू लागल्या.

मापे कशी ठरली

फळ्या कापण्यापूर्वी एक बरणी विकत आणावी, एवढी सूचना मी केली होती आणि ती पाळली गेली. बरणीचा व्यास ६.५ सेंटिमीटर, झाकणासह उंची ९.५ सेंटिमीटर, आणि तोंड इतके रुंद की चहाचा चमचा आडवा न करता आत जावा. फळीच्या पुढच्या बाजूला ३ सेंटिमीटर उंचीची आडपट्टी लावायची होती, जेणेकरून धक्का लागला तरी बरणी पुढे सरकून पडणार नाही. म्हणजे बरणी बाहेर काढताना ती आधी ३ सेंटिमीटर वर उचलावी लागणार. साडेनऊ अधिक तीन म्हणजे साडेबारा, वर बोटभर मोकळीक धरून दोन फळ्यांमधील अंतर १३.५ सेंटिमीटर ठरले. वरचे दोन कप्पे या मापाचे आणि खालचा कप्पा १३ सेंटिमीटर उंचीच्या बाटल्यांसाठी १७ सेंटिमीटरचा असा आराखडा झाला. फळ्यांची जाडी १५ मिलिमीटर, बाहेरून रुंदी ७५ आणि उंची ५० सेंटिमीटर. आतल्या ७२ सेंटिमीटर रुंदीत दहा बरण्या आरामात बसतात.

ही बोटभर मोकळीक नंतर उपयोगी पडली. मांडणी तयार झाल्यावर उरलेल्या एकोणीस बरण्या घ्यायला गेले, तेव्हा दुकानात नवा माल आला होता. काच तीच, झाकण मात्र ८ मिलिमीटरने उंच. एक सेंटिमीटरातले दोन मिलिमीटर उरले आणि बरण्या निघू शकल्या. सगळ्या बरण्या आधीच घेतल्या असत्या तर ही धाकधूक झाली नसती, पण एकोणीस रिकाम्या बरण्या महिनाभर कुठे ठेवायच्या, हा प्रतिप्रश्न सूनबाईंनी केला आणि त्याला उत्तर नव्हते.

उंचीच्या बाबतीत मुलाची पहिली कल्पना पाच कप्प्यांच्या, अरुंद आणि उंच मांडणीची होती. सूनबाईंची उंची पाच फूट. ओटा ६० सेंटिमीटर खोल असल्यामुळे हात आधी आडवा लांबवावा लागतो आणि मग वर नेण्यासाठी फारसा उरत नाही, हे कागदावर लक्षात येत नाही. म्हणून त्यांना ओट्यापाशी उभे करून, टाचा न उचलता बोटे जिथपर्यंत पोहोचतात तिथे टाइलवर पेन्सिलीने खूण केली. त्या खुणेवरून मांडणी तीन कप्प्यांची आणि रुंद झाली. खूण करताना आजींनाही उभे करायला हवे होते. ते कोणाला सुचले नाही.

बांधणी

बाजूच्या दोन उभ्या फळ्यांत ५ मिलिमीटर खोल आडव्या खाचा काढून त्यांत फळ्या बसवल्या, सरस लावला आणि बाहेरून प्रत्येक सांध्याला दोन स्क्रू दिले. खाचा असल्यामुळे बरण्यांचे ओझे स्क्रूंवर येत नाही, लाकडावर लाकूड टेकते. खाचा हाताच्या करवतीने आणि पटाशीने काढल्या. पहिली खाच सैल झाली आणि तिथे सागाचीच पातळ चीप भरावी लागली. साग मुळात तेलकट असतो, आणि रंधून आठवडाभर ठेवलेल्या पृष्ठभागावर सरस नीट धरत नाही. त्यासाठी सांध्यांच्या जागा जोडणीच्या दिवशीच पुन्हा हलक्या हाताने घासून थिनरच्या फडक्याने पुसून घेतल्या. गुण्या लावून काटकोन तपासले, दोन्ही कर्ण मोजले, त्यांतील २ मिलिमीटरचा फरक क्लँप तिरका ओढून घालवला.

वरच्या लेपाचा निर्णय चुकला. मुलाला चकाकी नको होती, म्हणून त्याने अळशीच्या तेलाचे तीन हात दिले, तेही जुलैत. तेल हवेतल्या ऑक्सिजनने सुकते, पाणी उडून जावे तसे ते उडून जात नाही, आणि दमट, थंड हवेत त्याला दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. एक हात पुरता सुकण्याआधी दुसरा चढवला की वर चिकट साय धरते. तशीच ती धरली. बोट लावले की ठसा उठे, आणि चिकटपणावर पिठाचे कण बसू लागले. टर्पेंटाइनने सगळे पुसून, दोन आठवडे पंख्याखाली ठेवून, शेवटी पारदर्शक पॉलियुरेथेनचे दोन पातळ हात द्यावे लागले. हळदीचा डाग उघड्या लाकडात मुरला तर निघत नाही, त्यामुळे स्वयंपाकघरात असा बंद लेपच योग्य होता. या ओघात एक सावधगिरी नोंदवणे भाग आहे : अळशीच्या तेलाची फडकी चुरगाळून डब्यात टाकली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती मोकळी पसरून वाळवावीत आणि मगच टाकावीत.

भिंत

मांडणी भिंतीवर थेट न ठोकता काढता-घालता यावी, असे ठरले होते. दिवाळीच्या सफाईत टाइलमागची तेलकट धूळ आणि झुरळे यांचा बंदोबस्त करायचा तर ते आवश्यकच होते. त्यासाठी १८ मिलिमीटर जाडीची एक पट्टी लांबीतून ४५ अंशांत चिरून दोन पट्ट्या केल्या. एक पट्टी भिंतीला, तिची तिरकी कड वर आणि भिंतीकडे उतरती. दुसरी मांडणीच्या मागे वरच्या बाजूला, उलटी. वरची पट्टी खालच्या पट्टीत अडकते आणि ओझ्यानेच घट्ट बसते. खाली त्याच जाडीची एक टेकणपट्टी दिली, म्हणजे मांडणी ओळंब्यात राहते.

भिंतीत छिद्रे पाडण्यापूर्वी मुलाने ओझ्याचा हिशेब केला, आणि तो इथे देण्याजोगा आहे. बरण्या-बाटल्या भरून साधारण साडेआठ किलो, लाकूड चार किलोंच्या आसपास, म्हणजे एकूण १३ किलो धरू. हे ओझे भिंतीपासून सरासरी ६ सेंटिमीटर पुढे आहे आणि वरचे स्क्रू खालच्या टेकणपट्टीपासून ४५ सेंटिमीटर वर आहेत. वरच्या स्क्रूंना भिंतीतून बाहेर खेचणारी ओढ १३ गुणिले ६ भागिले ४५, म्हणजे पावणेदोन किलोंपेक्षाही कमी निघते. ओझे मात्र सगळे सरळ खाली जाते. “सर, मग आधीची मांडणी पडायलाच नको होती,” तो म्हणाला. गणित बरोबर होते. तेव्हा कुठे भिंतीचा प्रश्न निघाला.

पहिले छिद्र पट्टीच्या आड लपेल अशा जागी पाडले. टाइल फुटू नये म्हणून खुणेवर कागदी टेप लावून, ड्रिलला काच-टाइल भेदणारे टोक बसवून, हॅमरची (ठोके देण्याची) कळ बंद ठेवून टाइल पार केली. मग राखाडी गिलावा आला. आणि त्यानंतर ड्रिल जवळजवळ हाताने ढकलल्यासारखे आत गेले. बाहेर आला तो पिठासारखा, पांढुरका, हलका भुगा. लाल भुगा आला तर वीट, करडा आणि कष्टाने आला तर काँक्रीट. हा भुगा एएसी (ऑटोक्लेव्ह्ड एरेटेड काँक्रीट) ब्लॉकचा होता. गेल्या काही वर्षांतल्या अनेक उंच इमारतींच्या भिंती या हलक्या, हवेच्या बुडबुड्यांनी भरलेल्या ठोकळ्यांच्या असतात. लाल विटेपेक्षा ते साधारण तिपटीने हलके असतात आणि सरळ दाब उत्तम सोसतात, परंतु छोट्या गिट्टीला पकडून ठेवण्याची ताकद त्यांच्यात नसते.

आता जुन्या पडझडीचा उलगडा झाला. त्या वेळी ३५ मिलिमीटरच्या साध्या गिट्ट्या वापरल्या होत्या. टाइल, तिच्यामागचा सिमेंटचा थर आणि गिलावा मिळून इथे २७ मिलिमीटर होतात. ठोकळ्याच्या आत गेली ती जेमतेम ८ मिलिमीटर गिट्टी, आणि छिद्र पाडताना हॅमर चालू ठेवल्याने तेवढ्या भागाचाही चुरा झालेला. सागवानी मांडणी त्याच दोन छिद्रांवर टांगली असती तर ती पाइनपेक्षा जड असल्याने बहुधा आणखी लवकर पडली असती.

इथे तीन मार्ग होते. रसायन भरून सळई रोवण्याचा मार्ग खात्रीचा, पण १३ किलोंसाठी अवाजवी. भिंतीच्या आरपार बोल्ट घालणे शक्य होते, परंतु पलीकडे न्हाणीघर आणि त्याची नळवाहिनी होती. निवडला तो तिसरा : एएसी ठोकळ्यांसाठी मिळणाऱ्या, बाहेरून पाती असलेल्या ७० मिलिमीटर लांब नायलॉनच्या गिट्ट्या आणि १०० मिलिमीटरचे स्क्रू. गिट्टी टाइलच्या पातळीच्या १ सेंटिमीटर आत ढकलली, म्हणजे ती फुगताना टाइलला तडा जात नाही, आणि तिचे ५० मिलिमीटरांहून अधिक अंग ठोकळ्यात राहते. दोनऐवजी पाच स्क्रू दिले. पाचव्याची खूण आधी स्विचबोर्डाच्या बरोबर वर आली होती. बोर्डातून वायर सहसा सरळ वर किंवा आडव्या जातात, म्हणून ती १४ सेंटिमीटर बाजूला घेतली. घरातला मेन स्विच बंद करूनच काम केले. शेजाऱ्यांकडून एक्स्टेंशन बोर्ड मागून आणताना मुलाला जरा ओशाळल्यासारखे झाले, पण आणला.

मांडणी अडकवण्यापूर्वी पट्टीला दोरी बांधून पाण्याने भरलेली १५ लिटरची बादली पूर्ण एक दिवस टांगून ठेवली. पट्टीच्या खालच्या कडेने टाइलवर बारीक पेन्सिलची रेघ मारली होती. पट्टी केसभर खाली सरकली तरी रेघ झाकली जाणार होती. रेघ तशीच दिसत राहिली. आजींनी दंडक मागे घेतला.

वर्षभरानंतर

एक पावसाळा आणि एक दिवाळी उलटल्यावर मी मांडणी पाहिली. पेन्सिलची रेघ जागेवर होती. ७२ सेंटिमीटरच्या फळ्यांना डोळ्यांना दिसेल असा झोल आलेला नव्हता. पुढच्या आडपट्टीने त्यांना आधार दिला असावा. दोन खण मोकळे झाले, आणि सूनबाईंच्या सांगण्यानुसार वर्षभरात एकही मसाला दुबार आणला गेला नाही, कारण बरणीचा तळ समोरून दिसतो. दिवाळीपूर्वी मुलाने आणि त्याच्या वडिलांनी दोन बाजूंनी धरून मांडणी उचलून काढली, मागची भिंत धुतली आणि दहा मिनिटांत परत अडकवली.

त्रुटीही दिसल्या. ऊन थेट येत नसले तरी दिवसभरच्या उजेडाने वरच्या ओळीतील तिखटाचा रंग दोन महिन्यांत उतरला, म्हणून तिखट आणि हळद आता पुन्हा मिसळणाच्या डब्यात व कपाटातच असतात आणि काचेत मुख्यतः अख्खे मसाले ठेवले जातात. मुलाने छापून लावलेल्या चिठ्ठ्या आजींना वाचता येत नव्हत्या. त्यांवर नंतर जाड अक्षरांत नव्या चिठ्ठ्या डकवल्या गेल्या. आणि सर्वांत वरची फळी जमिनीपासून १६२ सेंटिमीटरवर असल्यामुळे आजींचा हात तिथे पोहोचतच नाही. त्यांची त्रिफळे नेमकी तिथे होती. आता ती खालच्या कप्प्यात आली असून तिथला गरम मसाला वर गेला आहे, पण आजींना लागणाऱ्या आठ-नऊ जिनसांपैकी सगळेच खाली मावत नाहीत.

वेगळे काय करता आले असते

भिंतीची तपासणी पहिल्या दिवशी व्हायला हवी होती. जुन्या छिद्रात सळई घालून खोली मोजली असती आणि कडेचा भुगा नखाने खरवडून पाहिला असता, तर पाच मिनिटांत उत्तर मिळाले असते. लाकूड, खिळे, वखार हे सगळे त्यानंतर. कदाचित तीच पाइनची मांडणी लांब गिट्ट्यांवर पुन्हा टांगून काम भागले असते. हे मी मुलाला सांगितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, की बरे झाले तुम्ही आधी सांगितले नाहीत. त्याच्या दृष्टीने ते खरेही असेल, पण शिकवणाऱ्याच्या चुकीला त्याने माफी मिळत नाही.

तेलाचा लेप पावसाळ्यात देण्याऐवजी दोन महिने थांबता आले असते. घाई कशाची नव्हती. मसाले पिशव्यांत होतेच. पट्टीला पाच स्क्रूंची गरज होती का, यावर वर्गात वाद झाला. हिशेबाने तीन पुरले असते, पण एएसी ठोकळ्यांच्या सांध्यावर एखादे छिद्र आले तर ते सैल राहते आणि बाहेरून कळत नाही, म्हणून मी पाचांच्या बाजूने आहे.

उरला आजींच्या हाताचा प्रश्न. भिंतीवरची पट्टी १२ सेंटिमीटर खाली घेतली तर वरची फळी १५० सेंटिमीटरवर येते आणि आजींचा हात पोहोचतो. जुनी पाच छिद्रे मांडणीच्या वर उघडी पडतील, पण ती झाकायला चौकटीतला सागाचा एक तुकडा शिल्लक आहे. मात्र मग मांडणीची खालची कड ओट्यापासून ४५ ऐवजी ३३ सेंटिमीटरवर येईल, आणि भांडे चढवलेला मिक्सर तिच्याखाली बसणार नाही. मिक्सर ओट्याच्या दुसऱ्या बाजूला न्यायचा तर तिथे स्विचबोर्ड नाही. हे लिहीपर्यंत मांडणी आहे तिथेच आहे आणि वायरमनला विचारून झालेले आहे.